पाय प्लास्टरमध्ये, नकाशा अलिबागचा

पाय मोडला आणि अलिबागचा बेत रद्द झाला. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या आपल्या मराठी ज्यूंची जुनी गावं बघायची होती. सहा आठवडे घरीच बसायचं होतं, म्हणून रोज जेवणं आटपली की लॅपटॉप मांडीवर घेऊन तीच वाट धरली. कुणाला असं घरबसल्या फिरायचं असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

सुरुवात सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या फोटोंपासून करू नका. मी केली. कमानी, झुंबरं बघून झाली, पण माणसं काही भेटली नाहीत. ती भेटली तिसऱ्या रात्री, 1874 साली पुण्यात छापलेल्या हगादामध्ये. वल्हांडण म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेचा ज्यूंचा सण; त्या रात्री घरी वाचायचं हे पुस्तक, हिब्रू आणि मराठीत. त्यातल्या चित्रात बायका बेखमीर भाकरी करताहेत. साड्या नेसलेल्या, हातात बांगड्या, अनवाणी, जमिनीवर बसलेल्या. माझी आजी पोळ्या लाटायला अशीच बसायची. गोष्ट मिसरमधून सुटकेची आणि बैठक आपल्या स्वयंपाकघरातली! चित्र मोठं करून मी कितीतरी वेळ बघत राहिले. हे फोनवर बघू नका, बारकावे हरवतात. आणि हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं, तेव्हा स्कॅन शेवटून सुरू झाल्यासारखा वाटला तर गोंधळू नका.

त्या हगादाच्या प्रकाशकांचं आडनाव तळकर, म्हणजे मूळचे तळ्याचे. मग नादच लागला. रायगडचा नकाशा उघडून आडनावांवरून गावं शोधत गेले: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर. नवगावला जरूर थांबा. पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी समाजाची परंपरा सांगते; त्याचं स्मारक तिथे आहे. पुढे ही मंडळी तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारी माहितीग्रंथात, त्यांच्यावर स्वतंत्र मजकूर आहे. इंग्रजीत आहे, पण नेटवर मोफत मिळतो.

एका जागी मी फसले. एलियाहू हन्नाबीचा खडक शोधायला ‘खंडाळा’ टाकलं आणि थेट लोणावळ्याच्या घाटात पोचले. ‘खंडाळे, अलिबाग’ असं शोधा. प्रेषित एलियाहूच्या रथाची खूण त्या खडकावर आहे अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक तिथे मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, सोबत फळं.

अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, 1848 चं. आताची इमारत 1910 ची. पुण्याचं लाल देऊळ (हेही सिनेगॉगच, 1867) आणि मुंबईत काळा घोड्याचं निळं सिनेगॉग (1884) रस्त्यावरून बघायचं तर नकाशातलं स्ट्रीट व्ह्यू पुरे. एका रात्री एकच जागा घ्या.

प्रत्यक्ष जाणार असाल तर आधी फोन करून परवानगी विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि शनिवार टाळा, तो शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. माझं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतंय. मांडव्याची बोट पकडायची आणि पहिल्यांदा नवगाव.