मिरची यायच्या आधीचं जेवण : बेवान्याचा जून

पहिला चमचा तोंडात घालून आई थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, ही तर खपली आहे."

समोर मातीच्या वाडग्यात हरभरा घातलेलं फार्रोचं दाट सूप होतं. फार्रो म्हणजे आपला खपली गहूच. धान्य एक, नावं दोन. आईचं माहेर सांगलीकडचं, खपलीच्या खिरीवर वाढलेली बाई. तिला पिशवीवरचं नाव वाचायची गरज नव्हती. इथून डोंगरात वर गेलं की मोन्तेलेओने दी स्पोलेतो नावाचं गाव लागतं, तिथला फार्रो इटलीभर नावाजलेला आहे. वाढणाऱ्या बाईंना माझ्या मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, की हा गहू आमच्याकडे पिकतो आणि आम्ही त्याची गूळ घालून खीर करतो. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि वाडगा पुन्हा भरला.

आम्ही उम्ब्रियातल्या बेवान्या गावी होतो. रोमहून रेल्वेने फोलिन्योला उतरायचं आणि तिथून टॅक्सीने पंधरावीस मिनिटं. जेमतेम पाच हजार वस्तीचं, तटबंदीतलं गाव. रोमन काळी याचं नाव मेवानिया, आणि रोमहून निघणारा फ्लामिनिया हमरस्ता इथूनच जायचा. जूनच्या शेवटच्या दिवसांत इथे 'मेर्कातो देल्ले गाइते' भरतो. गाइता म्हणजे गावाचा एक भाग, आपल्या पेठेसारखा. पहारा या अर्थाच्या जुन्या लोंबार्ड शब्दावरून तो आलाय. गाइता चार : सान जोर्जो, सान जोव्हान्नी, सान पिएत्रो आणि सान्ता मारिया. या चौघींत चार बाबतींत स्पर्धा होते. हस्तव्यवसाय, बाजार, स्वयंपाक आणि धनुर्विद्या.

वेशभूषेच्या जत्रा युरोपात पुष्कळ भरतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी अंगरखा मध्ययुगाचा आणि हातात बटाट्याचे काप अशी गत असते. बेवान्याने मात्र स्वतःला एक चौकट घालून घेतली आहे : 1250 ते 1350. या शंभर वर्षांत जे नव्हतं ते चालत नाही. परीक्षक म्हणून मध्ययुगाचे अभ्यासक बोलावतात, आणि हे लोक वर्षभर जुने दस्तऐवज धुंडाळून तयारी करतात. वाढपी, सुतार, मेणबत्त्या करणारे, सगळे त्या त्या गाइतेतले शेजारीपाजारी.

पहिली संध्याकाळ आम्ही कारखान्यांतच घालवली. कागदाच्या कारखान्यात लिननच्या जुन्या चिंध्या लाकडी हातोड्यांखाली कुटल्या जात होत्या. त्या लगद्यात जाळीची चौकट बुडवायची, उचलायची, हलकेच हलवायची. पाणी गळून जातं आणि कागद उरतो. शाई फुटू नये म्हणून वर जनावरांच्या कातड्याचा सरस लावतात. मेणबत्तीवाल्याकडे गोल चाकाला टांगलेल्या वातींवर पळीने वितळलेलं मेण ओतणं चालू होतं. चाक एक फेरा घेऊन येईपर्यंत आधीचा थर सुकलेला असतो, की पुन्हा पळी. रेशमाकडे आई रमली. गरम पाण्यातले कोष, आणि त्यातून निघणारा, दिसेल न दिसेल असा धागा. चित्रकाराकडे अंड्याच्या बलकात रंग खलत होते. तिथे गर्दी फार होती, आम्ही लवकर निघालो. पियाझ्झा सिल्वेस्त्री या चौकात सान सिल्वेस्त्रो चर्चच्या भिंतीवर 1195 हे साल आणि बिनेल्लो या गवंड्याचं नाव कोरलेलं आहे. तिथेच पायरीवर बसून अंधार पडताना मशाली पेटलेल्या पाहिल्या.

पण मला लिहायचंय ते जेवणाबद्दल.

1250 ते 1350 म्हणजे कोलंबसच्या दीडशे-अडीचशे वर्षं आधी. त्यामुळे टोमॅटो नाही. बटाटा, मका, मिरची काहीच नाही. इटालियन जेवण म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते निम्मं इथे गायब. मग चव कशाने आणायची? तर मिरी, सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ, केशर. दाटपणाला बदाम वाटून काढलेलं दूध, जसं आपल्या कोकणात नारळाचं. वाटलेला लसूण आणि पाव यांची चटणी, तिला 'आल्याता' म्हणतात. आणि आंबटपणाला 'आग्रेस्तो', म्हणजे कच्च्या द्राक्षांचा रस.

आईने बोटाला लावून आग्रेस्तो चाखलं आणि डोळे मिटले. "तासगावात विरळणीला अशी कच्ची द्राक्षं ढिगांनी काढून टाकतात. कुणाला सुचलं नाही गं."

माझ्या ताटात आग्रेस्तोतलं डुकराचं मटण होतं, आंबटगोड, वर दालचिनीचा वास. उम्ब्रिया हा डुकराचा मुलूख. शेजारच्या नोर्चा गावावरून इटलीत डुकराचं मांस करणाऱ्यालाच 'नोर्चिनो' म्हणतात. आई त्या वाटेला गेली नाही. तिने पावाचा तुकडा मोडला आणि कुजबुजली, "मीठ विसरले बहुतेक." विसरले नव्हते. इथला पाव अळणीच असतो. 1540 मध्ये पोपने मिठावर कर लादला, उम्ब्रियातल्या पेरुजा शहराने बंड केलं, तेव्हापासून आम्ही पावात मीठ घालत नाही, असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. आल्यातासोबत खाल्ला की मात्र तो अळणीपणा कळतो. चटणीच्या आड येत नाही.

जेवण तिखट होतं, हे सांगायलाच हवं. मिरचीसारखं जिभेच्या टोकाला नाही, घशात उतरून मग ऊब देणारं. आपल्याकडेही सोळाव्या शतकात पोर्तुगीज येईपर्यंत हेच तिखट होतं. मिरचीला नाव देतानासुद्धा आपण मिरीचाच आधार घेतला. म्हणजे त्या रात्री आम्ही परक्या गावात आमच्याच स्वयंपाकघराची जुनी चव घेत होतो, आणि ती मिरी-सुंठ मुळात आमच्याच किनाऱ्यावरून आलेली. मलबारहून जहाजाने तांबड्या समुद्राकडे, अलेक्झांड्रियाला, तिथून व्हेनिसला. फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती या व्यापाऱ्याने 1340 च्या सुमारास आल्याच्या जाती नोंदवल्या, त्यातली एक 'कोलोम्बिनो', म्हणजे कोल्लमची.

वाटेवरून फक्त माल नाही, माणसंही गेली. बेवान्याच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये एक दगड जपला आहे. संत फ्रान्सिस पक्ष्यांशी बोलले, ते जवळच्या पियान्दार्कात, याच दगडावर उभे राहून, अशी श्रद्धा आहे. त्याच फ्रान्सिसच्या पंथातला, इथून डोंगरापलीकडच्या तोलेन्तिनोचा थॉमस 1321 मध्ये आपल्या तीन सोबत्यांसह मारला गेला, तो ठाण्यात. आपल्या ठाण्यात. मागोमाग आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिकने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि पुढे चीनपर्यंत नेल्या. वाटेत मलबारच्या मिऱ्यांच्या वेलींचं वर्णनही लिहून ठेवलं. साल पुन्हा वाचा : 1321. बेवान्याच्या त्या शंभर वर्षांतलंच. त्या दगडासमोर उभी असताना हे आठवलं आणि मी आईला सांगितलं. आम्ही दोघी ठाण्यात राहतो. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग दगडाला नमस्कार केला.

शेवटच्या दिवशी दुपारी गावातल्या साध्या बारमध्ये 'तोर्ता आल तेस्तो' खाल्ली. तेस्तो म्हणजे जाड तवा, त्यावर भाजलेली जाड भाकरी, मधून चिरून आत चीज आणि रानातली भाजी. आईने दोन खाल्ल्या आणि तवा बघायला आत गेली.

परतीच्या गाडीत ती बोटं मोडत बसली होती. आपल्याकडून काय काय वजा होईल याचा हिशोब. बटाटा, टोमॅटो, मिरची, मका. शेंगदाणे. पेरू, पपई, सीताफळ, काजू. आषाढी तोंडावर आली होती, म्हणून तिने उपासाचं काढलं. साबुदाणा? तो कसाव्याचा, ब्राझीलकडचा. रताळं? तेही तिकडचंच. शेंगदाण्याचं कूट, बटाट्याची भाजी, हिरवी मिरची, सगळंच गेलं.

"मग एकादशीला खायचे काय गं लोक?" तेर्नी स्टेशन मागे गेलं तरी ती खिडकीबाहेर बघत होती. मग वळून म्हणाली, "वरीचे तांदूळ. शिंगाडा. आणि तिखटाला आलं-मिरी."

आषाढीला मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. वरी केली होती, तुपात जिरं आणि भरड मिरी, वर आलं किसून. सोबत सार.

"आग्रेस्तो कुठून आणू," ती म्हणाली, "आमसूल घातलं."