पावणेबारा फुटांचा दूधसागर

गिऱ्हाइकाला बैठकीच्या खोलीत दूधसागरचं रेल्वे मॉडेल हवं होतं. धबधबा, त्याच्या पुढ्यातला दगडी कमानींचा पूल आणि त्यावरून धावणारी गाडी. स्केल एचओ, म्हणजे 1:87, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. मी हिशेब केला: धबधबा 310 मीटर, भागिले 87, पावणेबारा फूट. त्यांचं छतच दहा फुटांवर! शेवटी साडेचार फुटांवर तडजोड झाली आणि नजर फसावी म्हणून वरची झाडं मी मुद्दाम बारकी लावली.

पडतं पाणी मला अवघड जात नाही. प्लास्टिकच्या कागदावर पारदर्शक सिलिकॉन पसरायचं, टूथपिकनं उभं ओढत राहायचं, सुकलं की सोलून कातळावर चिकटवायचं. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं पांढरा रंग नुसता फिरवायचा. धास्ती असते ती खालच्या डोहाची. तिथे इपॉक्सी रेझिन, ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं. एकदम जाड ओतलं तर स्वतःच्याच उष्णतेनं तडकतं, म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यायचा आणि एक दिवस हात बांधून बसायचं.

ऑगस्टातल्या त्या सकाळी शटर वर केलं तर डोह अर्धा रिकामा. रात्री ओतलेलं रेझिन सिग्नलच्या वायरसाठी पाडलेल्या भोकातून गळालं होतं. भोक मीच एम-सीलनं बुजवलं होतं, पण घाईत. वायरच्या कडेला केसाएवढी फट राहिली असणार. खालची पॉइंट मोटर, म्हणजे रुळांचा सांधा बदलणारी, काकवीत पडलेल्या मुंगळ्यासारखी जागच्या जागी थिजलेली. वर जे उरलं होतं, त्यावर दमट हवेनं दुधी, चिकट साय धरलेली.

आणि चार वाजता गिऱ्हाईक येणार, वडिलांना घेऊन. वडील निवृत्त गार्ड. मीटरगेजच्या काळात कॅसलरॉक ते कुळे घाटात बरीच वर्षं काढलेले.

मी गळतीचं पुराण सुरू केलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. पुलावर बोट ठेवून म्हणाले, "अहो, हा कोरडा कसा? पावसाळ्यात तुषार थेट डब्यात यायचे. खिडक्या लावायची धावपळ व्हायची." मग डोहाकडे वळले. "आणि हे निळं पाणी कुठलं? पावसात खाली गढूळच असायचं." 37 ला 1 चा तो चढ, मागून रेटणारी बँकर इंजिनं, सगळं सांगताना त्यांचा तळहात मॉडेलवरून गाडीच्याच वेगानं सरकत होता.

धबधब्याच्या पायथ्याशी हात थांबला. "हे मात्र हुबेहूब. इथं पाणी दिसतच नाही, नुसता धूर."

ती माझी साय होती. मी गप्प बसलो.

ते गेल्यावर बाकीची साय कोमट पाण्यानं धुऊन काढली, पायथ्याची तेवढी ठेवली आणि वर उशीतल्या फायबरचे विरळ तंतू बसवले. पुढच्या थरात निळ्याऐवजी मातकट रंग मिसळला. पुलाचे कठडे, रूळ आणि इंजिनाचं टप चकचकीत व्हार्निशनं ओलं केलं. मोटरचे पैसे काही बिलात लावले नाहीत.