चौथ्या पायाखालचं डिझेल

शिडाची बोट, दहा मीटरच्या आसपासची, आत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. मालक आणि त्यांच्या पत्नी वर्षातले कित्येक महिने बोटीवरच राहतात. तक्रार एकच होती: इंजिन आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर नुसतं चालू ठेवलं, की सगळी बोट थरथरते. वेग वाढवला की थांबते. वर्षभरापूर्वी एका मेकॅनिकने इंजिनाचे चारही रबरी माउंट, म्हणजे ज्यांवर इंजिन टेकतं ते पाय, बदलून दिले होते. तेव्हा काही महिने बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

बोटीतलं कंपन शोधताना माझी पहिली चाचणी ठरलेली असते. इंजिन गरम होऊ द्यायचं, आयडलवर आणायचं, न्यूट्रलमध्ये बघायचं, मग गिअर टाकून बघायचं. न्यूट्रलमध्ये शांत आणि गिअरमध्ये थरथर, तर दोष शाफ्टच्या, म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाजूला असतो: पंख्यावर साठलेले शिंपले, घडीच्या पंख्याचं न उघडलेलं एखादं पातं, झिजलेलं बेअरिंग. इथे न्यूट्रलमध्येच चहाचे चमचे वाजत होते आणि गिअर टाकून फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे शोध इंजिनापाशी घ्यायचा होता.

मग सिलिंडर तपासले. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, नटावर फडकं, आणि एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा. त्या सिलिंडरला इंधन पोचत नाही आणि इंजिनाचा वेग पडतो. जो नट सैल करूनही वेग पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नसतो. (हे फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर. कॉमन रेल इंजिनात इंधन प्रचंड दाबाखाली असतं, तिथे हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.) तिन्ही वेळा वेग सारखाच पडला. तिन्ही सिलिंडर ठणठणीत होते.

पॅनेलवरचा वेगाचा काटा मिनिटाला 850 फेरे दाखवत होता, आणि इतक्या आयडलला हे इंजिन एवढं थरथरायला नको होतं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवर परावर्तक पट्टी चिकटवून प्रकाशाच्या टॅकोमीटरने मोजलं तर खरा वेग निघाला 690. मालकांना विचारलं, "अल्टरनेटर कधी बदललात?" ते म्हणाले, "दोन वर्षं झाली." तिथेच उलगडा झाला. या काट्याला सिग्नल बॅटरी चार्ज करणाऱ्या त्या अल्टरनेटरकडूनच मिळतो. नव्या अल्टरनेटरची पुली लहान होती, त्यामुळे तो जास्त वेगाने फिरायचा आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवायचा. खरा वेग 850 असताना काटा हजाराच्या वर गेला असणार, म्हणून कुणीतरी आयडल खाली ओढलं. तीन सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला सरासरी दीड स्फोट होतो. 850 ला सेकंदाला साधारण 21, 690 ला जेमतेम 17. स्फोटांमधलं अंतर वाढलं की प्रत्येक धक्का वेगळा जाणवतो, आणि इंजिन माउंटवर ज्या लयीत आपोआप डोलतं त्या लयीच्या ते जवळ सरकतं.

आयडल खरोखरच्या 850 ला आणलं, काट्याच्या मागचं कॅलिब्रेशन जुळवलं. चमचे गप्प झाले. मी हत्यारं आवरायला लागलो होतो.

तेवढ्यात मालकांच्या पत्नी जिन्याच्या खालच्या पायरीवर अनवाणी उभ्या राहिल्या. "आवाज गेला हो," त्या म्हणाल्या, "पण डाव्या बाजूला अजून येतंय. रात्री बॅटरी चार्ज करायला इंजिन लावतो ना, तेव्हा मला इथूनच कळतं." मी त्यांच्या शेजारी पाय टेकवला. खरंच, डावीकडे बारीक थरथर होती. तिथे रोज वावरणाऱ्या माणसाच्या तळपायावर मी माझ्या हातातल्या यंत्राइतकाच विश्वास ठेवतो.

पुन्हा खाली वाकलो. फिरत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवून प्रत्येक माउंटपाशी एक बोट इंजिनाच्या ब्रॅकेटवर आणि दुसऱ्या हाताचं बोट खालच्या बैठकीवर ठेवलं. माउंट चांगला असेल तर ब्रॅकेट थरथरतं आणि बैठक जवळपास स्थिर राहते. तीन ठिकाणी तसंच होतं. मागच्या डाव्या माउंटपाशी दोन्ही बोटांना सारखीच थरथर लागली. इंजिन बंद करून टॉर्च लावला, तर रबर फुगून मऊ झालेलं, दबलेलं, आणि ब्रॅकेट थेट खालच्या लोखंडावर टेकलेलं. वर्षभराचा माउंट! बोटाला वास डिझेलचा.

डिझेल रबराला असंच खातं. पण आलं कुठून? इंजेक्टरमधून परतणाऱ्या इंधनाच्या पाइपला पांढरा टिश्यू गुंडाळून इंजिन चालू केलं. दहा मिनिटांत मधल्या जोडापाशी ओला डाग आला. तांब्याचा वॉशर दबलेला होता. इंजिन चालू असतानाच थेंब सुटायचा आणि ब्लॉकवरून ओघळत नेमका त्या माउंटवर उतरायचा. आधीचा माउंटही यानेच गेला असणार. तेव्हा रबर बदललं गेलं, ते कशाने मेलं हे कुणी पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. त्या दोघांनी वर्षभर विनाकारण सोसलं होतं.

एक कोपरा खाली बसल्यामुळे शाफ्टची रेषाही बिघडली होती. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजलं तर एका बाजूला फट 0.35 मिलिमीटर जास्त. एवढ्या, साधारण 100 मिलिमीटरच्या, कपलिंगला मी 0.1 च्या पुढे जाऊ देत नाही. वॉशर बदलले, ब्लॉक पुसून काढला, चारही माउंट एकदम नवे घातले, कारण नवं-जुनं मिसळलं की उंची जुळत नाही. कच्ची रेषा लावून परतलो. नव्या रबराला वजनाखाली बसायला वेळ लागतो, आणि शेवटचं माप बोट पाण्यात असतानाच घ्यायचं, कारण जमिनीवर टेकवलेल्या बोटीचं अंग थोडं वेगळं वाकलेलं असतं.

आठवड्याने गेलो. माउंटचे नट थोडे फिरवून फट 0.08 वर आणली. इंजिन तासभर आयडलवर ठेवलं. मालकांच्या पत्नी त्याच पायरीवर उभ्या होत्या, मी खाली टॉर्च घेऊन. रिटर्न पाइपभोवती नवा टिश्यू गुंडाळला होता. तो काढून त्यांच्या हातात दिला. कोरडा होता.