मडरूम

आमच्या घराला पुढचं दार आहे, पण ते कुरिअरवाल्यापुरतं. बाकी सगळी ये-जा मागच्या दाराने, मडरूममधून. पडवीच म्हणा, फक्त झोपाळा नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, क्लेटन काउंटीत राहतो आम्ही. बाहेर काय चाललंय ते या खोलीत डोकावलं की कळतं.

सध्या तिथे बुटांखाली मिठाचे पांढरे ओघळ आहेत. फावडं आहे. मांजराच्या वाळूची पिशवी आहे. मांजर नाही, बर्फात चाक जागच्या जागी फिरायला लागलं की टायरखाली ही वाळू टाकायची. आणि हातमोजे आहेत, सात, सगळे डाव्या हाताचे. उजवे कुठे जातात ते मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर कळतं.

आमचं तालुक्याचं गाव एल्काडर. नाव आलं फ्रेंचांशी लढलेल्या अल्जीरियाच्या अब्देल कादरवरून, आणि राज्याच्या नीचांकी तापमानाच्या नोंदीतही हेच नाव: 3 फेब्रुवारी 1996, उणे 47 फॅरेनहाइट. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आपल्या भाषेत सांग." आपल्या भाषेत उणे 44. चिपळूणच्या बाईला दोन्ही सारखेच. "स्वेटर घालतेस ना?" एवढंच तिने विचारलं.

शेजारच्या आजोबांकडे तेव्हा गाई होत्या. त्या पहाटेबद्दल मी खोदून खोदून विचारलं. "दूध काढलं," म्हणाले. मग बराच वेळ विचार करून, "वारा नव्हता." इथे हवेला कोणी थेट नावं ठेवत नाही. अगदीच जीव चालला तर 'याहून वाईट असू शकलं असतं' म्हणतात.

जुलैत मात्र मला माहेरी आल्यासारखं वाटतं. चहूकडे पुरुषभर उंच मका, आणि मका घाम गाळतो. एक एकर मका दिवसाला अकरा ते पंधरा हजार लिटर पाणी हवेत सोडतो म्हणे. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं. इथली मंडळी हैराण होतात, मी निवांत कपडे वाळत घालते. ते वाळत नाहीत, ही गोष्ट वेगळी. तेव्हा मडरूममध्ये बुटांच्या जागी टॉर्च आणि बॅटरीवरचा रेडिओ येतो. टोर्नेडोचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळाचा, भोंगा झाला की दोन्ही उचलायचे आणि तळघरात जायचं. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर कुकरही नेला होता. दोनच शिट्ट्या झाल्या होत्या.

पहिल्या वर्षी मार्चअखेर ऊन पडलं, तशी मी फरशी धुतली, बूट पुसले आणि माळ्यावर टाकले. एप्रिलात रात्रीत वीतभर बर्फ पडलं. चपलांवर मोजे घालून फावडं मारत होते, तेवढ्यात आजोबांचा ट्रॅक्टर आला. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, सगळी वाट साफ करून दिली. जाताना म्हणाले, "वारा नाही, बरंय."

बूट आता मे उजाडेपर्यंत हलत नाहीत.