आंब्याखालच्या सावलीत पिंपळी

पुण्यात आमच्या घरामागे जुना रायवळ आंबा आहे. त्याच्याखाली दिवसभर नुसते कवडसे, आणि तिथली उघडी माती मला हिरवाईने झाकायची होती. लॉनच्या गवताला चांगलं ऊन लागतं, म्हणून तो विचार मी आधीच बाजूला ठेवला. वेडेलिया हा जमिनीवर पसरणारा, पिवळ्या फुलांचा वेल बरेचजण सुचवतात, पण तो एकदा पसरला की आवरत नाही. मला बाराही महिने हिरवं राहणारं, शक्यतो इथल्याच मातीतलं काहीतरी हवं होतं. पिंपळी हा मिरीच्या कुळातला औषधी वेल; मूळची सह्याद्रीच्या रानात, मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारी. तीच लावायची ठरवली.

आंब्याची बारीक मुळं अगदी वर असतात, त्यामुळे कुदळ लावलीच नाही. वरची माती खुरप्याने हलकी केली आणि शेणखत व कुजलेल्या पाल्याचा बोटभर थर दिला. खोडाजवळची जागा मात्र मोकळी सोडली. जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर तीन-चार पेरांचे फाटे फूटफूट अंतरावर आडवे लावले. पेर मातीला टेकलं पाहिजे, सगळं त्यावर आहे. तिथूनच मूळ सुटतं, मग तो फाटा पुढे सरकतो आणि पुढच्या पेरापाशी पुन्हा रुजतो. हे जवळ बसून बघावं असं आहे: पेराच्या खालून पांढरट मुळं डोकावतात आणि वर कोवळं, बदामी आकाराचं, चकचकीत पान उलगडतं.

पहिल्या पावसाळ्यात खुरपणी नेटाने करावी लागते. संध्याकाळी बॅटरी घेऊन गोगलगायीही वेचल्या. पानं एकमेकांना भिडल्यावर तणाला जागाच उरली नाही. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. पुण्याची कोरडी हवा तिला मानवत नाही, दुपारी पानं मलूल होतात. सकाळी पाणी द्यायचं आणि आंब्याचा गळलेला पाला तिथेच राहू द्यायचा, एवढ्यावर ती तग धरते. तिच्यावरून चालणं मात्र सोसत नाही. म्हणून मधून फरशीचे तुकडे टाकून पायवाट केली.

पिंपळीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. औषधी पिंपळी मादी वेलाची, तेव्हा फाटे आणताना आखूड, जाडसर कणसं धरलेलाच वेल निवडावा. कणसं काळपट हिरवी झाली की मी खुडून उन्हात खडखडीत वाळवते. सुंठ, मिरी आणि ही पिंपळी समभाग कुटली की घरचं त्रिकटू, म्हणजे या तीन तिखट द्रव्यांचं आयुर्वेदिक चूर्ण, तयार.