तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगा जेवत नाही तर भरवत का नाही?

हो, अजून कमीच जेवतो. हो, वाळलाय, अंघोळ घालताना त्याच्या बरगड्या आमच्याच हाताला लागतात. आणि नाही, मी त्याला धरून भरवत नाही आणि भरवणारही नाही. अपेंडिक्स आत फुटलेलं होतं, ऑपरेशन मोठं झालं, हे सगळं तुम्हाला माहितीये, ते परत उगाळत नाही. पण फोनवर, दारात, व्हिडिओ कॉलवर, प्रत्येकजण कसा आहे विचारायच्या आधी काय खाल्लं विचारतो आणि विचारताना बघतो बायकोकडे. जेवताना त्याच्याजवळ बहुतेक वेळा मी बसतो, तेव्हा मला विचारा, तिला विचारणं आता बंद करा.

"इतके दिवस झाले, आता तरी भूक लागायलाच हवी." हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. पोट उघडलं, आतड्यांना हात लागला, वर आत पू आणि सूज, की आतडी कामच थांबवतात. सगळ्यांचीच थांबतात. आणि सुरू होताना एकदम सुरू होत नाहीत, लहान आतडं आधी, बहुतेक पहिल्या 24 तासात, मग जठर 24 ते 48 तासात आणि मोठं आतडं सगळ्यात शेवटी, 48 ते 72 तासांनी. हे सगळं सरळ पार पडलं तर. आमच्याकडे पू पोटभर पसरलेला होता त्यामुळे हे आकडे आमच्या उपयोगाचे नव्हतेच, नाकात नळी, नळीतून हिरवं पाणी आणि दर राउंडला एकच चौकशी, गॅस पास झाला का. दुखू नये म्हणून मॉर्फिनच्या जातीची जी औषधं देतात ती आतड्यांना अजून सुस्त करतात, ती कमी करावी तर पोर कळवळतं, कळवळतं म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून शी होत नाही आणि शी होत नाही म्हणून उरलीसुरली भूक पण मरते. त्यात मेट्रोनिडाझोल नावाचं अँटिबायोटिक, त्याने तोंडाची चव पार जाते, आमचा म्हणायचा पाण्यालाच लोखंडाचा वास येतोय.

आणि ताप. शरीरात एवढी सूज असली की रक्तातून मेंदूला निरोपच तसा जातो, खाऊ नको. दुसऱ्या बाजूला ताप एक डिग्री सेल्सिअसने चढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण 10 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे गरज जास्त असते नेमकं तेव्हाच इच्छा नसते. हे मला कळतं, पटत मात्र अजूनही नाही, आपलं पोर अर्धा घास ठेवून उठलेलं बघताना कुठल्याच बापाला पटणार नाही.

आता जे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही ते सांगतो.

घरी आल्यावर एका संध्याकाळी त्याने स्वतःहून खायला मागितलं. आम्ही दोघं इतके खूश झालो की सगळ्यांना फोन करून सांगितलं. पुढचे काही दिवस बरे गेले, थोडं थोडं का होईना पण मागून खात होता. मग हळूहळू ते परत कमी झालं. आधी अर्धं टाकायला लागला, मग ताट समोर आलं की वासानेच तोंड फिरवायचा. वर दिवसातून बऱ्याचदा शी, जराजराशी, पातळ, चिकट. सगळ्यांचं मत एकच, काहीतरी बाधलंय, पोट बिघडलंय. कोणी म्हणालं नखरे आहेत, आजारात लाड झाले ना खूप. कोणी म्हणालं एक दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल. मी तेव्हा भरपूर वाचलेला माणूस होतो, काय आणि कधी द्यायचं ते आईबापाने ठरवायचं, किती खायचं ते मुलाने, शरीराला बरोबर कळतं, मध्ये पडू नये, हे सगळ्यांना ऐकवत होतो. बायको मात्र एकच गोष्ट घोकत होती, "याची भूक आली होती रे, आलेली भूक गेलीये." संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं. बाथरूमपर्यंत जाताना पोटावर हात धरून वाकून चालायचा.

त्या रात्री घरातल्याच एका मोठ्या माणसाने, मायेपोटीच, त्याचा जबडा धरला आणि चमचा आत घातला. मी पाणी आणायला उठलो होतो. परत आलो तर त्याचे डोळे मोठे झालेले आणि तोंड भरलेलं, गिळताही येत नव्हतं आणि टाकायची भीती वाटत होती. मी चमचा हिसकावून घेतला. त्याने गिळलं, आणि दोन मिनिटात सगळं बाहेर आलं, आणि त्यामागून हिरवं. त्यावेळी घरात जे बोलणं झालं ते अजून मिटलेलं नाही, ते इथे मिटवणारही नाही.

रात्रीच हॉस्पिटल गाठलं. सोनोग्राफीत दिसलं की पोटात अगदी खाली, लघवीच्या पिशवीच्या मागे, पू साठलाय. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर हे होऊ शकतं, आणि तो पू गुदाशयाला टेकतो, चाळवतो, म्हणून ती जराजराशी पातळ शी. काही बाधलं वगैरे नव्हतं. सोनोग्राफीत बघत बघत नळी टाकून पू काढला. सर्जन म्हणाले, खात नाही म्हणून बरा होत नाहीये असं तुम्ही धरून बसलात, तो बरा नाहीये म्हणून खात नाहीये. आणि खरंच, नळी अजून लटकत होती आणि पठ्ठ्याने खायला मागितलं. कोणी भरवलं नाही, कोणी विनवलं नाही.

आता यातून मी काय घ्यायचं ते सांगा. मागे लागू नका हे खरं ठरलं. पण शरीराला कळतं, सोडून द्या, हे जे मी छाती पुढे काढून सांगत होतो तेही तसं सोपं राहिलं नाही, कारण नुसतं सोडून दिलं असतं तर तो पू तिथेच वाढत बसला असता. म्हणून मला निष्काळजी म्हणता तेव्हा लागतं. मी घास मोजत नाही, पण पाणी किती प्यायला, लघवी गडद आहे का, शी होते का, पोट फुगलंय का, दुपारी खेळायला उठला का, हे सगळं बघतो. आणि ज्यांच्याकडे आम्ही त्याला तासभर जरी सोडतो त्यांना एकच गोष्ट बजावतो, हिरवी, म्हणजे पित्ताची, उलटी झाली तर थांबायचं नाही, फोन करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. पोटाच्या ऑपरेशननंतर आत आतडी चिकटून अडकू शकतात, अगदी काही महिन्यांनी, वर्षांनी पण.

भुकेचं टॉनिक का देत नाही हेही विचारून झालंय. सर्जनना विचारलं होतं. त्यातल्या बऱ्याच औषधांमध्ये सायप्रोहेप्टाडीन असतं, ते मुळात ॲलर्जीचं औषध, झोप येते, शी पण घट्ट होऊ शकते, आत्ता नको म्हणाले. विषय संपला.

कधी कधी मलाही वाटतं की एक घास दाबून घातला तर काय बिघडेल. वाटतं काय, हात पुढेही जातो. पण त्या रात्रीपासून कोणाचाही चमचा जवळ आला की तो दोन्ही हात तोंडावर धरतो, आणि स्वतःच्या हाताने मात्र खातो, कमी खातो पण खातो. ते मी घालवणार नाही. कदाचित थोडा आग्रह हवाच असेल. वजनावर सर्जनही खूश नाहीत, पुढच्या तपासणीला वाढलं नाही तर आहारतज्ज्ञांकडे पाठवणार आहेत, त्यांनी वेगळं सांगितलं तर मी माझं बदलेन. तोपर्यंत घरी या, त्याच्याशी खेळा, पण काय खाल्लं हे त्याच्यासमोर विचारू नका. त्याला कळलंय की तुम्हाला काय ऐकायचंय, आणि तो "खूप खाल्लं" असं खोटं सांगायला लागलाय.