आमची वाटचाल: भोसरीचा गाळा, सी आणि रस्ट

भोसरी एमआयडीसीत आमचा एक गाळा आहे, खाली सोल्डरिंग-टेस्टिंग चालतं आणि वर पोट-माळ्यावर पोरं कोड लिहितात. सीएनसी आणि प्रेस मशीनला लावायचे डबे बनवतो, मशीन किती चाललं, कुठे थांबलं ते मालकाला मोबाईलवर दिसतं. गिऱ्हाईक बरंचसं चाकणचं, थोडं रांजणगावचं. सुरुवात सी या प्रोग्रामिंग भाषेतून केली कारण तीच येत होती, मग डब्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आली तसे हळूहळू रस्ट या दुसऱ्या भाषेकडे वळलो.

आता रस्टची 2024 एडिशन, म्हणजे भाषेच्या नियमांचा नवा संच, जी फेब्रुवारी 2025 मध्ये रस्टच्या 1.85 व्हर्जनसोबत आली. आमच्यासारख्याला काम थांबवून अपग्रेड करत बसणं परवडत नाही, ऑर्डर कोण सांभाळणार? पण इथे एक क्रेट (कोडचा एक स्वतंत्र गठ्ठा) आधीच्या 2021 एडिशनवर आणि शेजारचं 2024 वर असलं तरी दोन्ही एकत्र बिल्ड होतात, म्हणून जमेल तसं एकेक हलवत गेलो. रस्टचं कार्गो फिक्स हे टूल कोडमधले बदल बरंचसं स्वतःच करून देतं. गंमत म्हणजे डीजी सेटच्या (डिझेल जनरेटर) रीडिंगला आम्ही सगळीकडे 'जेन' (gen) नाव दिलेलं आणि 2024 मध्ये तो शब्द भाषेने स्वतःसाठी राखीव केलाय, तर ते साधं नावच समजलं जावं म्हणून टूलने प्रत्येक जागी त्याच्या आधी आर आणि हॅश (r#) चिकटवून ठेवला 😄 शेवटी सरळ 'डीजी' करून टाकलं.

खरा फायदा इफ-लेट मध्ये झाला, म्हणजे 'हवं ते सापडलं तर हे कर, नाहीतर एल्समधलं कर' अशी रचना. मशीनची नोंद मॅपमध्ये (नोंदींच्या यादीत) आहे का ते रीड लॉक (वाचण्यापुरतं कुलूप) घेऊन बघायचं, नसेल तर एल्स मध्ये राइट लॉक (लिहिण्यासाठीचं कुलूप) घेऊन भरायची, इतकं साधं काम. पण 2021 एडिशनमध्ये पहिला लॉक एल्स संपेपर्यंत सुटायचाच नाही आणि दुसरा त्याचीच वाट बघत अडकायचा, म्हणजे आपल्याच गेटात गाडी लावून आपणच हॉर्न वाजवत बसायचं. त्यासाठी आधी वेगळ्या लेट ओळीत उत्तर काढून ठेवायची पद्धत होती, नवीन पोराला ती दरवेळी समजवा. आता एल्समध्ये शिरायच्या आधीच लॉक सुटतो, विषय संपला.

स्टॅटिक म्यूटचा (कुठूनही बदलता येणारी ग्लोबल किंमत) रेफरन्स घेतला की आता थेट एरर, सी मधून आलेल्यांची ती जुनी सवय. सेन्सरवाल्याची सी लायब्ररी बोलवायची तर एक्स्टर्न ब्लॉकवर (बाहेरच्या फंक्शनची यादी) अनसेफ, म्हणजे 'इथली जबाबदारी आपली', असं लिहावंच लागतं, टायपिंग वाढलं पण रिव्ह्यू करताना नजर बरोबर तिथे जाते, मला आवडलं. असिंक क्लोजरचा (थांबून वाट बघू शकणारी छोटी बिननावाची फंक्शन्स) एवढा गाजावाजा, आम्हाला फारसे लागले नाहीत. लेट चेन्स (एकाच इफमध्ये अनेक लेट-अटी जोडणं) मात्र लागले, ते जून 2025 च्या 1.88 मध्ये आले आणि फक्त 2024 एडिशनवरच चालतात, त्यामुळे मागे राहिलेली दोन-चार क्रेट्स पोरांनी न सांगता हलवली.

छोट्या कंट्रोलरवरचा कोड अजून सी मध्येच आहे, चालतोय तोवर हात लावणार नाही. आणि रस्ट येणारी पोरं आमच्या पगारात मिळत नाहीत, म्हणून सी पक्कं असलेला घेतो आणि बॉरो चेकरशी (मेमरीचा वापर तपासून चुकीचा कोड अडवणारा रस्टचा भाग) भांडायला बसवतो.